डिचोली ते म्हापसा, गेटरस्किन टायरवर ७,४०० किलोमीटर

माझी सकाळची ड्युटी ७ वाजता सुरू होते. मी नर्स आहे. मी पोचेपर्यंत रात्रपाळीची बाई वॉर्ड सोडू शकत नाही, तिची मुलं घरी शाळेला जायची खोळंबलेली असतात. गोव्यात डिचोलीहून मुळगाव, अस्नोडा, थिवी करत मी म्हापशाला सायकलने जाते, जाऊन-येऊन ३०-३५ किलोमीटर. पंक्चर झालं की उशीर माझ्या एकटीला होत नाही. म्हणून टायरबद्दल एवढं लिहायला बसले.

सायकलीबरोबर जे टायर आले होते ते २५ मिमी रुंदीचे, हलके, दिसायला छान. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी मला सात वेळा रस्त्यावर उतरवलं. शेवटचं पंक्चर चवथीच्या आदल्या दिवशी, पहाटे सहाला, अस्नोड्याच्या अलीकडे. पाऊस भुरभुरत होता. एका बंद दुकानाच्या पडवीत चाक काढलं, ट्यूब बदलली, हवा मारली आणि निघाले. शंभर पावलांवर मागचं चाक पुन्हा रिमवर बसलं. तेवढ्यात पोंऽऽ करत पोदेर, म्हणजे पाववाला, आला. पावाची टोपली तशीच ठेवून त्याने टॉर्च धरला. बोटांना काही लागेना, तेव्हा मी पिशवीतला कापूस काढून टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी धागे अडकले. तिथे तार होती, केसाएवढी बारीक, आत जेमतेम दोन मिलिमीटर आलेली. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. "ट्रकाच्या टायराची तार ती, बाय," पोदेर म्हणाला.

त्याचं खरं होतं. ट्रकच्या रेडियल टायरात पोलादी तारांचे थर असतात. टायर फुटला की त्याच्या चिंध्या रस्त्याकडेला पडतात, त्यातून या तारा सुटतात आणि नेमक्या आपण सायकलवाले चालवतो त्या पट्ट्यात येऊन बसतात. आमच्या तालुक्यात खनिजाचे ट्रक, त्यामुळे तारांना तोटा नाही. किनाऱ्याकडे गेलात तर तारांच्या जागी बिअरच्या बाटल्यांची काच.

त्यानंतर पंधरा दिवसांत काँटिनेंटलचे गेटरस्किन घातले, ७००×२८, म्हणजे २८ मिमी रुंदीचे. जोडीला जे पैसे गेले त्यात साधे चार टायर आले असते. घेण्याआधी ब्रेकमधली आणि फ्रेममधली फट मोजली. जुन्या रोड बाइकमध्ये २८ बसेलच असं नाही, तुम्हीही मोजा. या टायरात रबराच्या पट्ट्याखाली दाट विणीच्या पॉलिएस्टरचा थर आहे, त्याला ते पॉलीएक्स ब्रेकर म्हणतात. बाजूंना ड्युरास्किन नावाचं तपकिरी जाळीदार कापड आहे. मला जास्त मोल या कापडाचं वाटतं. पावसाने आमच्या रस्त्यांच्या कडा खचतात, बस अंगावर आली की तिथे उतरावंच लागतं, आणि डांबराची ती तुटकी धार टायरला बाजूने घासते.

चौदा महिने झाले, एक अख्खा पावसाळा त्यात गेला. ७,४०० किलोमीटरमध्ये दोन पंक्चर. पहिलं खड्ड्याचं. हवा कमी होती, चाक आपटलं, ट्यूब रिमला चिमटली आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडली. ते कुठलाच टायर अडवू शकत नाही, हवा मात्र अडवते. माझं वजन ५८ किलो. हवेचा दाब मागे ७५ आणि पुढे ६५ पीएसआय ठेवते, दर दोन दिवसांनी पंपाच्या काट्यावर बघून. दुसरं पंक्चर तारेचंच, पण तोवर मागचा टायर मधोमध झिजून सपाट झाला होता.

पावसात पंक्चर जास्त का होतात, हे मला उशिरा उमगलं. पाणी वंगणाचं काम करतं. ओल्या रबरात काच सुरीसारखी शिरते, आणि ओला टायर कचरा उचलूनही घेतो. पण काच लगेच आरपार जात नाही. ती वरच्या रबरात रुतते आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी आत सरकते. म्हणून दर रविवारी मी चाक उलटं धरून, फोर्सेप घेऊन बसते. एक एक चीर उघडून बघते. जुलैतल्या एका रविवारी मागच्या टायरातून नऊ कण निघाले, एक तर हिरव्या बाटलीचा, तांदळाच्या कणीएवढा. खालच्या थरापर्यंत पोचून तिथेच थांबला होता. तो मी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले.

टिकाऊ टायर म्हणजे कडक रबर, आणि कडक रबराची ओल्या रस्त्यावरची पकड मऊ रबरापेक्षा कमीच असणार. थिवीच्या उतारावर पावसात मी ब्रेक आधीपासून लावत येते, वळणात शिरल्यावर नाही. माझ्याबरोबर रविवारी चोर्ला घाटात येणारा एक जण ग्रँड प्रिक्स ५००० वापरतो. टायर वेगवान आहे, हातात घेतला की फरक कळतो. शर्यतीला जाणाऱ्याने तोच घ्यावा. मला सातला वॉर्डात उभं राहायचं असतं.

नवा टायर चढवताना लिव्हरने, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीने, ट्यूब चिमटवू नका. दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत जा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा, तळव्यांनीच बसतो.

मागचा टायर लवकर झिजतो, वजन आणि पायडलचा जोर दोन्ही त्याच्यावर. झिजलेला टायर पुढे लावायची चूक करू नका. पुढचं चाक भर वेगात बसलं तर सायकल सावरत नाही. गेल्या रविवारी मी पुढचा गेटरस्किन मागे घातला आणि पुढे नवा चढवला, तोच, २८ मिमीचा. जुन्याचा एक तुकडा कापून पिशवीत ठेवलाय. टायरला मोठी चीर गेली तर आतून लावायला.