पालकवर्ग: बाळाचा श्वास मोजायला शिकवणारी सहा सत्रे

पाच वर्षांखालील मुलांच्या आरोग्याविषयीचा सहा सत्रांचा पालकवर्ग मी नुकताच पूर्ण केला. माझी मुलगी १४ महिन्यांची आहे आणि तिच्या प्रत्येक दुखण्याला चार जणांचे चार सल्ले मिळत असल्यामुळे मी नाव नोंदवले होते.

या वर्गात ऐकण्यापेक्षा करून पाहण्याला अधिक वेळ दिला जातो, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. तिसऱ्या सत्रात परिचारिकाताईंनी मांडीवर शांत झोपलेल्या बाळाचे पोट वरखाली होताना पाहून श्वास मोजायला सांगितले. मी ३० सेकंद मोजून दुप्पट केली, तेव्हा त्यांनी मला थांबवले, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही आणि म्हणून पूर्ण मिनिटभर मोजावे लागते. खोकला झालेल्या बाळाचे श्वास २ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा अधिक आणि त्यापुढे ५ वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर एवढी मोजदाद करण्यातही वेळ घालवू नये.

जुलाबांच्या सत्राने माझी एक जुनी चूक उघडी पाडली. जलसंजीवनीची अर्धी पुडी अंदाजाने भांडेभर पाण्यात टाकायची आणि उरलेली दुमडून ठेवायची, असे मी करत आले होते. पाणी कमी पडले तर द्रावणातील मिठाचे प्रमाण वाढून बाळाला अपाय होऊ शकतो, हे ऐकून मला फार वाईट वाटले. पुडीवर लिहिले असेल तितकेच पाणी मोजून संपूर्ण पुडी त्यात विरघळवावी, २४ तासांनी उरलेले द्रावण टाकून द्यावे आणि सोबत दिलेले झिंक जुलाब थांबल्यानंतरही सांगितलेले १० ते १४ दिवस पूर्ण करावे, हे तेथे प्रत्येकाकडून करवून आणि वदवून घेतले गेले. लसीकरणाचे सत्र नीटनेटके होते. त्यात मला नवीन असे फारसे काही मिळाले नाही.

वाढीच्या तक्त्याला मात्र न्याय मिळाला नाही. एका महिन्याच्या वजनापेक्षा रेषा कोणत्या दिशेने चालली आहे ते पाहावे, एवढे सांगून विषय आटोपला. आपापल्या मुलांच्या नोंदी भरून घेतल्या असत्या, तर रेषा सपाट झाल्याचे कोणालाही ओळखता आले असते.

माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. सगळी सत्रे कामाच्या दिवशी दुपारी असल्यामुळे आम्ही जवळजवळ सर्व जणी आयाच होतो. आमच्या घरी रात्री मुलीला औषध पाजतात ते तिचे वडील, आणि दिवसभर तिला सांभाळतात त्या सासूबाई. वजनानुसार ठरलेले तापाचे औषध स्वयंपाकघरातील चमच्याने न देता बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे, हे त्या दोघांनी परिचारिकाताईंच्या तोंडून ऐकायला हवे होते. आयोजकांनी किमान दोन सत्रे सुट्टीच्या दिवशी ठेवली, तर मी त्या दोघांना घेऊन पुन्हा येईन.