एसी फिटिंगचा तयार किट: पेटीत काय आहे, काय कमी आहे

पाइप कटर, रीमर (कापलेल्या तोंडाची धार काढणारा), फ्लेअरिंग टूल (पाइपचं तोंड फुलासारखं पसरवणारं; त्या पसरट तोंडाला फ्लेअर म्हणतात), मॅनिफोल्ड गेज (गॅसचा दाब दाखवणारं) आणि पाइपांतली हवा-ओलावा ओढून घेणारा छोटा व्हॅक्यूम पंप, एवढं या किटमध्ये साधारण मिळतं. दीड टनाचा, आर-३२ गॅसवर चालणारा स्प्लिट एसी कोकणातल्या घरात बसवायला तो पुरतो का? निम्मा पुरतो.

कटर, रीमर ठीक आहेत. रीमर फिरवताना पाइपचं तोंड खाली ठेवा, नाहीतर तांब्याचा कीस आत राहतो आणि थेट कॉम्प्रेसरकडे जातो.

फ्लेअरिंग टूल मात्र नीट बघून घ्या. क्लचवालं, सुळका तिरका फिरणारं असेल तरच उपयोग. साध्या टूलने कड एका बाजूला पातळ होते, आणि आर-३२चा दाब जुन्या आर-२२च्या जवळपास दीडपट असल्यामुळे गळती तिथूनच सुरू होते. चांगला फ्लेअर आतून आरशासारखा चकचकीत दिसतो, ओरखडा एकही नाही. नट आधी पाइपवर घाला, मग फ्लेअर करा. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) पेटीत नसतो, तो वेगळा घ्याच: पाव इंचीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ४९ ते ६१. अंदाजाने आवळलं की बारका नट फ्लेअर चिरडतो आणि मोठा ढिला राहतो.

आता पंप. आर-३२सोबतचं तेल ओलावा पटकन ओढतं, म्हणून इथल्या हवेत व्हॅक्यूमला तोड नाही. पावसाळ्यात पाइपांची टोपणं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. पंप टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत हवा ओढणारा हवा. त्याच्या काचेतलं तेल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी गेलं. लगेच बदला, तसं तेल कितीही वेळ चालवलं तरी खोल व्हॅक्यूम होत नाही.

किटमधल्या गेजवर इथे विसंबू नका. काटा उणे ३० इंचांवर टेकला की काम झालं असं वाटतं, पण ५००० मायक्रॉन आणि ५०० मायक्रॉन (व्हॅक्यूम मोजायचं बारीक माप, आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम खोल) यांतला फरक त्या काट्यावर दिसतच नाही. वेगळा मायक्रॉन गेज लावा, ५००च्या खाली आणा, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबा. आकडा थोडा चढून थांबला तर ओलावा राहिलाय. चढतच गेला तर गळती आहे. आर-३२च्या बऱ्याच युनिटांना ५/१६ इंची पोर्ट असतो, होज मात्र पाव इंची. ॲडॉप्टर पेटीत आहे का ते बघा. गॅस ज्वलनशील आहे, त्यामुळे भरलेल्या लाइनवर ब्रेझिंगची (सांधे जोडायची) पेटती टॉर्च लावू नका. आणि एकाच एसीसाठी पंप विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणं शहाणपणाचं.

भिंतीचं सामान किटमध्ये नसतंच, आणि जांभ्याच्या चिऱ्यात खरी अडचण तीच. चिरा सच्छिद्र आणि मऊ. हॅमर मोडवर भोक मोठं होतं, फास्टनर फुगताना कड तुटते. साध्या रोटरी मोडवर भोक पाडा, धूळ फुंकून काढा, आणि आउटडोअरच्या ब्रॅकेटला आरपार बोल्ट किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) वापरा. ब्रॅकेट हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं), बोल्ट स्टेनलेसचे. नुसता रंग दिलेलं लोखंड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. गंज आधी धरतो तो वेल्डच्या जागी, म्हणून बघायचं ते तिथेच.