इंजिन दमदार, वायरिंग कच्चं: पेट्रोलवरच्या प्रेशर वॉशरचा वर्षभराचा अनुभव

सांगलीच्या बाजूला आमचं छोटं वॉशिंग सेंटर आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आणि काळ्या रानातली माती मडगार्डखाली वाळली की बादली-ब्रशला दाद देत नाही. थ्री फेजचा भरवसा नाही, जेसीबी असेल तर साइटवर जाऊनच धुवावा लागतो. म्हणून पेट्रोल इंजिनवरचं, सेल्फ स्टार्टचं मशीन घेतलं: 389 सीसी इंजिन, 12 व्होल्टची बॅटरी, चावी. कंपनीचं नाव लिहीत नाही.

पंपाबद्दल चकार शब्द तक्रार नाही. प्रेशर नव्यासारखंच आहे, ऑइल वेळेवर बदललं की इंजिनही कुरकुरत नाही. डोकेदुखी सगळी वायरिंगची. हे मशीन दिवसभर पाण्यात उभं राहणार आहे, हे जोडणाऱ्याच्या गावीही नसावं.

पावसाळ्यात सेल्फची नाटकं सुरू झाली. चावी फिरवली की रिलेचा नुसता ‘कट्’, इंजिन हलत नाही. मूड असेल तेव्हा घ्यायचं. दोरी ओढली की मात्र लगेच चालू, म्हणजे पेट्रोल, प्लग, कार्बोरेटर ठीक. इलेक्ट्रिशियनने झाकण न उघडताच निकाल दिला, “सेल्फ गेलाय, नवा टाका.” दुसरा म्हणाला बॅटरी बदला. शेवटी मल्टीमीटर घेऊन मीच बसलो.

उभ्या मशीनवर बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. सेल्फ मारताना बॅटरीवर 11 च्या वर, पण सेल्फचं जाड टर्मिनल आणि इंजिनची बॉडी यांच्यात जेमतेम 8. मधले व्होल्ट गेले कुठे? एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवला, दुसरा इंजिन ब्लॉकवर रंग खरवडून, आणि पोराला चावी मारायला लावली. अडीच व्होल्ट! तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. सेल्फ निर्दोष होता, अर्थिंग (इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी जोडणी) मेलं होतं.

बोल्ट खोलल्यावर सगळं कळलं. अर्थची केबल फ्रेमला कसलेली, पण लगखालचा (लग म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टमध्ये बसणारी चपटी कडी) पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाचा, थर तसाच. जो काही करंट जायचा तो बोल्टच्या आट्यांतून. बरं, इंजिन रबरी पॅडवर बसलेलं, त्यामुळे फ्रेम आणि इंजिन यांच्यात एक बारीकशी पट्टी हाच काय तो दुवा. लगवर हिरवा थर साचलेला, आतल्या तारा काळ्या पडलेल्या. डिग्रीजरचं पाणी उडतंय म्हटल्यावर दुसरं काय होणार!

16 स्क्वेअर एमएमची कॉपर केबल घेतली, दोन्ही टोकांना टिन केलेले लग प्रेसने दाबून घेतले आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिन ब्लॉकच्या बोल्टला जोडली. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. सेल्फ तोच, बॅटरीही तीच, आणि आता चावी फिरवली की इंजिन झपकन उचलतं.

पुढे दिवाळीनंतर उलटा प्रकार. सेल्फ फिरतो, पण प्लगला स्पार्क नाही, आणि कधी चालू मशीन मध्येच गप्प. ऑइल काठोकाठ होतं. या इंजिनांत ऑइल कमी झालं की सेन्सर इग्निशन कॉइलची वायर अर्थ करून इंजिन बंद पाडतो, चावीही तेच करते. ती इग्निशन बंद करणारी वायर इंजिनजवळच्या सॉकेटमधून काढली तर स्पार्क हजर. म्हणजे ती वायर कुठेतरी बॉडीला लागत होती. शोधत गेलो तर टाकीच्या ब्रॅकेटखाली व्हायब्रेशनने घासून तांबं उघडं पडलेलं. नवा तुकडा, वर स्लीव, केबल टाय, काम फत्ते. (ही वायर काढून ठेवली तर चावीने इंजिन बंद होत नाही आणि कमी ऑइलवरही चालत राहतं. तपासण्यापुरतीच काढा.)

मशीन चालू असताना बॅटरीवर 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. पण छोट्या इंजिनाची चार्जिंग कॉइलही छोटीच असते. दर गाडीला बंद-चालू केलं तर बॅटरी मागे पडते. सेल्फ मारण्याआधी गन दाबून लाइनमधलं प्रेशर सोडा, नाहीतर पंपाचा भार सेल्फवर येतो. आणि पाच सेकंदांत घेतलं नाही तर थांबा, दहा सेकंदांनी पुन्हा मारा. आमचा एक पोऱ्या चावी धरूनच ठेवतो, त्याला अजून सांगतोय.

डीलरने वॉरंटीत वायरिंग येत नाही म्हणून हात वर केले. त्यामुळे असलं मशीन बघायला जाल तर प्रेशरचा डेमो नंतर बघा, आधी अर्थचा बोल्ट खोलून दाखवायला सांगा. लगखाली रंग दिसला तर केबल बदलून मगच बिल करायला लावा. मी आजही हेच मशीन घेईन, कारण पंप खरंच दणकट आहे. इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवर मीटरमध्ये तेवढं पाणी गेलंय, तो काढूनच टाकलाय.