राणीच्या अंत्यदर्शनाची रांग : ५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते खाली आहे

राजेशाही हवी की नको यावर भांडायचं असेल तर दुसरीकडे भांडा, मी इथे फक्त रांगेबद्दल लिहितोय. सप्टेंबर २०२२ मध्ये एलिझाबेथ राणी गेली तेव्हा लंडनला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये तिची शवपेटी ठेवली होती, १४ तारखेच्या संध्याकाळी पाचपासून १९ तारखेच्या सकाळी साडेसहापर्यंत, रात्रंदिवस सुरू. मी गुरुवारी १५ तारखेला रात्री दहाच्या सुमारास लंडनच्याच बर्मंडसी भागात रांगेच्या शेपटाला लागलो आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला बाहेर पडलो. साडेनऊ तास. एवढा वेळ मी आयुष्यात फक्त व्हिसासाठी घालवलाय, तोही बसून.

का गेलो ते अजून नीट सांगता येत नाही. बायको म्हणाली, "मी नाही येत, कोहिनूर परत देणार असतील तर फोन कर." आईला फोन केला तर ती वेगळ्याच काळजीत. राणी गेली ८ तारखेला, म्हणजे आपल्या अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, आणि आता पितृपक्ष लागून पाच दिवस झाले होते. "आठवडा झाला ना रे जाऊन? अजून उचललंच नाही?" मी म्हटलं आई, १९ ला आहे अंत्यविधी. पलीकडे बराच वेळ शांतता, मग "थंडी असेल, कानटोपी घाल."

ऑफिसात माझ्या शेजारी बसतो त्याचं घराणं केनियाचं, त्याच्या आजोबांनी माऊ माऊच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या बंडाच्या काळात ब्रिटिशांच्या कैदी छावणीत दिवस काढलेत. त्याला सांगायला मला जरा लाजच वाटत होती. तर तो म्हणाला, जा तू, शुक्रवारची तुझी शिफ्ट मी करतो, फक्त मला फोटो दाखवू नकोस. (आत फोटो काढायला बंदीच होती, तो प्रश्न आपोआप सुटला.)

आता सर्व्हिस. एन्ट्री फ्री, बुकिंग नाही, ॲप नाही. सरकारच्या संस्कृती खात्याने यूट्यूबवर लाइव्ह ट्रॅकर लावला होता, शेपूट आत्ता कुठे आहे, अंदाजे किती तास लागतील, सगळं त्यात. घरी सोफ्यावर बसून रांग बघायची आणि मग ठरवायचं, ही कल्पना मला फार आवडली, आपल्याकडे दर्शनबारीसाठी असं सर्रास व्हायला पाहिजे. शेपटाला पोचलं की मनगटाला रंगीत कागदी पट्टा, त्यावर नंबर. हा पट्टा म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा जीव. पट्टा असला की लघवीला जा, कॉफी घेऊन या, परत आपल्या जागेवर या, कुणी "ओ भाऊ, मागून या" म्हणत नाही. संपूर्ण मार्गावर मिळून पाचशेच्या वर पोर्टेबल टॉयलेट होती, आणि रात्री तीन वाजताही बऱ्यापैकी स्वच्छ, यासाठी वेगळा अर्धा स्टार द्यायचा असता तर दिला असता. पिवळ्या जॅकेटवाले स्वयंसेवक, सेंट जॉनची प्रथमोपचारवाली मंडळी, अधूनमधून पाद्री, ज्यांना बोलायचंय त्यांच्याशी बोलायला. एका पाद्रीबाईने मलाही विचारलं, तुम्ही ठीक आहात ना. मी म्हटलं पाय दुखतायत. ती म्हणाली त्याला माझ्याकडे उपाय नाही.

मी नवसाच्या रांगा बघत मोठा झालेला माणूस. रांग म्हणजे मागचा आपल्या पाठीवर श्वास सोडतो, कार्यकर्ता मान धरून पुढे ढकलतो आणि "चला चला" च्या तालात आपण नेमकं काय मागायला आलो होतो तेच विसरतो, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. इथे ढकलाढकली शून्य. उलट रांग सारखी चालत राहायची, बसायला मिळतच नव्हतं, दोन मिनिटं टेकलं की लगेच उठा. फोल्डिंग खुर्ची, चादर, स्लीपिंग बॅग आत चालणार नाही हे आधीच सांगितलेलं. बॅग एकच, ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटरच्या आतली, एकाच चेनची. माझी बरोबर बसली. माझ्या पुढच्या माणसाची नाही बसली, त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

रांग बर्मंडसीहून टॉवर ब्रिजकडे सरकते तेव्हा नदीपलीकडे टॉवर ऑफ लंडन दिसतो. कोहिनूर तिथे आहे. फॅमिली ग्रुपवर एक काका दोन दिवस फॉरवर्ड टाकत होते की राणीच्या पेटीवरच्या मुकुटात आपला हिरा आहे. नाही हो काका. पेटीवर होता तो इम्पीरियल स्टेट क्राउन, त्यात दक्षिण आफ्रिकेच्या कलिनन हिऱ्याचा तुकडा आहे, आपला कोहिनूर राणीच्या आईच्या मुकुटात, आणि तो मुकुट त्या समोरच्या किल्ल्यात. म्हणजे मी भर रात्री त्याच्या जवळून चालत गेलो आणि दर्शन मात्र दुसऱ्यांच्या चोरीच्या, सॉरी, दुसऱ्यांच्या हिऱ्याचं घेतलं. बायकोला फोन केला नाही.

पुढे ग्लोब थिएटर, टेट मॉडर्न म्युझियम, साउथबँक. तिथे एका मोठ्या पडद्यावर राणीच्या जुन्या फिल्म चालू होत्या, तरुण राणी हात हलवतेय, घोडे, जहाजं, आवाज फारसा नाही, आणि समोरून गारठलेली माणसं कॉफी धरून पुढे सरकतायत. माझ्यापुढे एक रिटायर्ड नर्सबाई, यॉर्कशरहून ट्रेनने आलेल्या, मागे मेडल लावलेले एक आजोबा आणि त्यांचा नातू. पहिल्या दोन तासांत राणीबद्दल बोलून संपलं. खरंच संपलं, किती बोलणार, यातल्या कुणाची तिच्याशी ओळख नव्हती. नंतर नातवाने बॅटरी वाचवायला फोन बंद केला, माझे धपाटे निघाले (नर्सबाईंना तिखट लागले पण दुसरा मागितला), आणि मग जो तो आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांबद्दल बोलायला लागला.

साडेचारच्या आसपास आम्ही सेंट थॉमस हॉस्पिटलच्या कडेने निघालो. तिथे नदीकाठी कोविडची स्मारकभिंत आहे, अर्धा किलोमीटर लांब, प्रत्येक गेलेल्या माणसाचं एक लाल बदाम हाताने रंगवलेलं, २०२१ मध्ये केली तेव्हाच दीड लाखाच्या जवळ बदामं होती. समोर पाण्यापलीकडे संसदेची इमारत, जिथे आम्हाला जायचं होतं. नर्सबाई रांग सोडून भिंतीकडे गेल्या, टॉर्च मारून काहीतरी शोधायला लागल्या. रांग पुढे सरकली तर आजोबा जागचे हलेनात, मागच्यांना हाताने खूण केली, थांबा जरा. मागचे थांबले. एकानेही काय झालं म्हणून विचारलं नाही. सापडलं बहुतेक, कारण त्या एका जागी हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या की त्यांच्या आईच्या अंत्यविधीला तेव्हाच्या नियमामुळे मोजकीच माणसं होती आणि कुणाला जवळही घेता आलं नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये नवरा गेल्यावर राणीही चर्चमध्ये काळा मास्क लावून एकटीच बसली होती, तो फोटो सगळ्यांना आठवत असेल. नर्सबाईंनी त्या फोटोचं नावही काढलं नाही. मला तो आठवला.

त्यानंतर लॅम्बेथ ब्रिज ओलांडला की वाटतं झालं, आलंच. नाही. व्हिक्टोरिया टॉवर गार्डन्समध्ये नागमोडी रांग आहे, दोरीच्या गल्ल्या, त्याच चेहऱ्यांसमोरून पुन्हापुन्हा जायचं, इमारत हाताच्या अंतरावर आणि आपण तिच्यापासून लांब चाललोय असं वाटणारं. तिथे माणूस मनाने तुटतो. मग विमानतळासारखी सुरक्षा तपासणी, खाणंपिणं बाहेरच टाकायचं, उरलेले दोन धपाटे गेले.

आणि आत. १०९७ सालचा हॉल, वर प्रचंड लाकडी छप्पर, आणि एवढी माणसं असून फक्त बुटांचा आवाज. मधोमध उंचावर पेटी, चारी बाजूंना खाली मान घातलेले पहारेकरी, दर २० मिनिटांनी काठी आपटते आणि पहारा बदलतो. थांबायचं नाही, चालता चालता एक क्षण वळायचं, मान झुकवायची, पुढे. आजोबांनी कडक सॅल्यूट मारला. माझं काय झालं, तर आत शिरताना आधी पाय बूट काढायला वाकले, मग समोर आल्यावर हात आपोआप जोडले गेले. ठरवून नाही हो. साडेनऊ तासांतली तीन-चार मिनिटं.

आता कापलेला स्टार. रांगेत सगळे सारखे, हे कौतुक त्या आठवड्यात टीव्हीवर दिवसभर चालू होतं. पण खासदारांना रांग न लावता जाता येत होतं आणि सोबत पाहुणेही नेता येत होते. व्हीआयपी दर्शन तिथेही आहे, फक्त त्याला तसा बोर्ड नाही. दुसरं, फ्री म्हणजे फ्री नव्हे, अंत्यविधी आणि हे दर्शन मिळून सरकारचा खर्च साधारण १६ कोटी २० लाख पौंड झाला असं पुढच्या वर्षी त्यांनीच सांगितलं, आणि तो हिवाळा विजेच्या-गॅसच्या वाढलेल्या बिलांमुळे घरोघरी हीटर लावायचा की नको याचा हिशोब करण्याचा होता.

बाकी शहराचा रिव्ह्यू वेगळा लिहायला लागेल. एका सुपरमार्केटने बिलिंगच्या मशीनचा बीप आवाज कमी केला होता. ग्रीन पार्कात फुलांसोबत लोक मुलांच्या गोष्टीतलं पॅडिंग्टन अस्वल आणि त्याची आवडती मुरांब्याची सँडविचं ठेवायला लागले, शेवटी उद्यानवाल्यांना सांगावं लागलं की बास करा. आणि त्याच आठवड्यात नव्या राजाविरुद्ध बोलणाऱ्या, बोर्ड धरणाऱ्या काही जणांना पोलिसांनी पकडलं, ते मला अजिबात पटलेलं नाही. मला रात्रभर उभं राहायची मोकळीक, तर त्यांनाही तिथेच उभं राहून "मला नको हा राजा" म्हणायची असायला हवी होती.

टीप : गेलात तर (आता कुठली जाताय, पण समजा) दोन जोड मोजे, आणि धपाटे सगळे लॅम्बेथ ब्रिजच्या आधी संपवा.

घरी येऊन झोपलो. दुपारी उठून बघतो तर सकाळी दहालाच रांग भरली म्हणून नवीन लोक घेणं बंद केलेलं, आणि लोकांनी काय केलं, तर शेपटाकडच्या साउथवर्क पार्काबाहेर रांगेत लागण्यासाठी रांग लावली. टीव्हीवर डेव्हिड बेकहॅम हॉलमध्ये मान झुकवून डोळे पुसत होता. बारा तासांच्या वर उभा होता, रात्री दोनला लागलेला, म्हणजे आमच्याच मागे कुठेतरी, आणि आम्हाला पत्ता नाही. ऑफिसातल्या मित्राचा मेसेज पडला होता, "झालं का? पुढच्या शुक्रवारी माझी शिफ्ट तुझी."