ऑर्लँडोतलं हॅलोविन: डिस्नी की युनिव्हर्सल?

पोरं लहान असतील तर फार विचार करत बसू नका, डिस्नीच्या मॅजिक किंगडम या थीम पार्कमधली हॅलोविन पार्टी घ्या. वेळ संध्याकाळी ७ ते मध्यरात्र, पण पार्टीच्या तिकिटावर ४ वाजताच आत सोडतात. पोरं पिशव्या घेऊन चॉकलेटं गोळा करत हिंडतात, मिरवणुकीआधी बिनमुंडक्याचा घोडेस्वार दौडत जातो. आईबाबांनीही हौसेने सोंग घ्यावं. फक्त १४ वर्षांपुढच्यांना मुखवटा चालत नाही.

युनिव्हर्सलच्या, १९९१पासूनच्या, 'हॅलोविन हॉरर नाइट्स' म्हणजे वेगळंच प्रकरण. भुताटकीच्या घरांत अंधार, धूर, किंकाळ्या आणि कोपऱ्यातून अचानक अंगावर येणारी माणसं. १३ वर्षांखालच्यांना आणू नका, असं पार्कवालेच सुचवतात. सोंगांना बंदी. कॉलेजातल्या भाच्याला खुशाल पाठवा, आजी-आजोबांना मात्र तिथल्या रांगांत ताटकळवू नका.

पार्कचं दिवसाचं नेहमीचं तिकीट या कार्यक्रमांना दोन्हीकडे चालत नाही, वेगळं काढावं लागतं.