डच मास्टर्स: सिगारपेक्षा जाहिरात सरस

या अमेरिकन सिगारच्या डब्यावरचं चित्र डच चित्रकार रेम्ब्रांटचं, 1662 सालचं. काळ्या पोशाखातली ही माणसं कापडाचा दर्जा तपासणारे अ‍ॅमस्टरडॅमचे अधिकारी. तंबाखूशी त्यांचा काडीचा संबंध नाही! पण स्वस्त, यंत्रावर वळलेल्या मालाला खानदानी चेहरा मिळाला.

खरी कमाल अमेरिकन टीव्हीवरचा विनोदवीर एर्नी कोवॅक्सची. 1960 च्या आसपास एबीसी वाहिनीवर त्याने केलेल्या जाहिरातींत संवाद जवळजवळ नाहीच: एक विनोदी प्रसंग, मागे तंतुवाद्यं, शेवटी सिगार. मालाची बढाई न मारता नाव लक्षात राहतं. 1962 मध्ये तो अपघातात गेला. पुढे त्याची पत्नी ईडी अ‍ॅडम्स म्युरिएल सिगारचा चेहरा बनली. त्या जाहिराती गाजल्या, पण लाडिक. कोवॅक्सची सर नाही.

माल यथातथाच. आत लांब पानं नाहीत, बारीक तुकडे. म्हणून टोक फार कापलं की चुरा तोंडात येतो. ओढ घाईची असेल तर धूर तापून कडवट लागतो. कोरडी पडलेली सिगार एकदम दमट हवेत ठेवू नका: आतला तंबाखू आधी फुगतो नि वरचं पान तडकतं. आणि धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतोच.