घर भाड्याने द्यायचं की बँकेकडे गहाण ठेवायचं?

भांडुपच्या मावशीची हिशेबाची वही मी गेल्या दिवाळीत पाहिली. दूध, गॅस, मेंटेनन्स. आणि बीपीच्या गोळ्यांपुढे ‘अर्धी पट्टी’. काकांच्या मागे तिला ईपीएफची (नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीची) पेन्शन मिळते ती किमान, म्हणजे महिना 1,000 रुपये. वन बीएचके मात्र स्वतःचं. पोटात कालवलं.

मार्ग दोन. पहिला, फ्लॅट भाड्याने देऊन आपण बदलापूरकडे स्वस्तातल्या घरात राहायचं. दोन्ही भाड्यांतला फरक हातात उरतो आणि घर आपलंच राहतं. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याने देण्याचा, करार नोंदवावाच लागतो. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, पण सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त नाही. भाडेकरू गेला की महिना-दोन महिने घर रिकामं, हेही धरून चाला. मावशी मात्र एकाच गोष्टीवर अडली: “रात्री छातीत दुखलं तर तिथे कुणाचं दार वाजवू?” चाळीस वर्षांचा शेजार आहे तिचा.

दुसरा, रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे राहतं घर बँकेकडे गहाण ठेवून दरमहा पैसे घ्यायचे. वय 60 च्या पुढे आणि राहतं घर स्वतःच्या मालकीचं हवं. पागडीची खोली चालत नाही. बँक दरमहा ठरलेली रक्कम देते, तिच्यावर आयकर नाही. हयातीत, त्याच घरात राहत असेपर्यंत, हप्ता भरायचा नाही. व्याज मात्र चढत जातं. मागे राहिलेल्या मुलांनी कर्ज फेडलं तर घर त्यांचं, नाहीतर बँक विकून वसूल करते आणि उरलेले पैसे वारसांना देते. मुदत साधारण 20 वर्षांपर्यंत. साठाव्या वर्षी घेतलंत तर ऐंशीला घरात राहाल, पण पैसे थांबलेले असतील. म्हणून घाई नको.

चार पैसे गाठीला असतील तर आधी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. 8.2 टक्के दराने 10 लाखांवर तिमाहीला 20,500 येतात.

नवरा-बायको दोघं असतील, गुडघे धड असतील, तर मी भाड्याचाच मार्ग सांगेन. सत्तरी उलटलेल्या एकट्या बाईला शेजार तोडायला मी सांगणार नाही. मावशी 74 ची आहे, तिला मी रिव्हर्स मॉर्गेजच सुचवलं, तेही मुलाला समोर बसवून. तो म्हणाला, “आई, घर तुझं आहे. तू गोळ्या पूर्ण घे.”

काम अडलंय ते कागदांवर. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा कागद, अजून काकांच्याच नावावर आहे. नॉमिनी (मागे ज्याचं नाव लावून ठेवलेलं असतं तो) म्हणजे मालक नव्हे, हे आम्हाला बँकेत गेल्यावर कळलं. तुमच्या घरचं सर्टिफिकेट आजच काढून नाव बघा.